डावखुऱ्याची आत्या

माझ्या बायकोच्या आत्यांइतकी पोरांची पारख असलेलं माणूस साऱ्या नाशिक जिल्ह्यात सापडणार नाही, हे मी कुठेही, कोणाहीसमोर छातीठोकपणे सांगायला तयार आहे. ही पारख त्यांनी नात्यातली लग्नं जुळवताना किंवा निदान ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत वापरली असती, तर चार लोकांचं भलं झालं असतं. पण आत्या ती सगळी खर्च करतात अमेरिकेतल्या बेसबॉलवर. दिंडोरीजवळ त्यांची चार एकर द्राक्षबाग आहे, वय एकाहत्तर आहे, गुडघे दोन्ही कुरकुरतात, आणि सात समुद्रांपलीकडचा कोणता पोरगा यंदा मोठ्या संघात घ्यावा, कोणाला अजून दोन वर्षं खालीच ठेवावं आणि कोणाला घेतलं तेच मुळात चुकलं, याबद्दल त्यांची मतं इतकी पक्की आहेत, की ती त्या संघाच्या मालकापर्यंत पोचत नाहीत याचं मला कधीकधी खरंच वाईट वाटतं. मालकाचं नुकसान होतं आहे.

हे वेड लागलं ते लेकीच्या बाळंतपणात. आत्यांना एकच मुलगी, मनीषा. घरात तिला मनी म्हणतात. तात्या, म्हणजे आत्यांचे यजमान, गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी मनीला दिवस गेले आणि आत्या सहा महिने अमेरिकेत राहून आल्या. मनीचं गाव लहान. दुपारी बाळाला ढकलगाडीत घालून फिरवायला न्यायचं, आणि फिरायचं म्हणजे कुठे, तर रस्त्याच्या टोकाला एक मैदान होतं तिथपर्यंत. मैदानावर पोरं चेंडू फेकत असत. आत्यांना वाटलं, शाळेची पोरं आहेत. मग कळलं, की तिकडे प्रत्येक मोठ्या संघाच्या हाताखाली लहान गावांमधून असे छोटे छोटे संघ असतात, निवडून घेतलेली कोवळी पोरं तिथे वाढवतात, आणि जी तयार होतील ती वर पाठवतात. या सगळ्या कारभाराला तिकडे ‘फार्म’ म्हणतात, हे ऐकल्यावर तर आत्यांना हसूच आलं.

“शेतच म्हणत्यात त्याला, जावईबापू!” परत आल्यावर त्यांनी मला पहिली बातमी दिली ती ही. “मग मला नाय कळणार तर कोणाला कळंल?”

त्या मैदानावर एक डावखुरा पोरगा होता. एकोणीस वर्षांचा, काडीसारखा, कुठल्यातरी बेटावरून आलेला. तो फेकायला उभा राहिला की आत्या ढकलगाडी थांबवून जाळीला चिकटत. एके दिवशी त्यांनी जाळीवरून त्याला शेंगदाण्याचा लाडू दिला. त्याने खाल्ला आणि हाताने खूण करून आणखी एक मागितला. तेवढ्यावर नातं जुळलं. “त्याला बी इंग्रजी येत नव्हतं, मला बी येत नव्हतं,” आत्या सांगतात, “म्हणून बोलणं लय सोपं गेलं.” परत येताना विमानात त्या रडल्या. नातवासाठी रडल्या असं सगळ्यांनी धरून चालावं, अशी त्यांची अपेक्षा आहे, आणि आम्हीही तसंच धरून चालतो.

मनीच्या नवऱ्याने त्यांच्या फोनमध्ये त्या गावचे आणि त्यावरच्या मोठ्या संघाचे सामने दिसतील असं काहीतरी बसवून दिलं आणि तेव्हापासून बागेतली सकाळ बदलली. तिकडे संध्याकाळी सामना सुरू होतो तेव्हा इकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. सामना दिसण्याइतकी रेंज फक्त पाण्याच्या टाकीशी येते. आत्या टाकीच्या कठड्यावर फोन उभा करतात, शेजारी चहाचा पेला ठेवतात आणि नऊ वाजेपर्यंत तिथून हलत नाहीत. औषध फवारणारा माणूस ट्रॅक्टर घेऊन आला तरी त्याला हातानेच ‘थांब’ म्हणून सांगतात. खेळाडूंची नावं त्यांच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून त्यांनी आपल्या सोयीने बारसं करून टाकलंय. एक उंचाडा आहे, एक मिशीवाला आहे. हाताची घडी घालून कडेला उभा राहणारा आणि कधीच न हसणारा प्रशिक्षक म्हणजे ‘सोसायटीचा चेअरमन’. आणि खेळाडूंची खरेदी, अदलाबदल, बढती, बदली हे सगळं ज्याच्या हातात असतं, तो ‘चष्मेवाला’. चष्मेवाल्यावर आत्यांचा फार राग. “ह्याला बागेत घेतला तर हा कळी दिसायच्या आधी व्यापारी बोलवील,” हे त्याच्याबद्दलचं त्यांचं सगळ्यात सौम्य मत.

माझा या सगळ्यात संबंध एवढाच, की मी तेव्हा नाशिक रोडला एका शाळेत चोवीस वर्षं इंग्रजी शिकवत आलो होतो. आत्यांना वाटलं, घरातच दुभाषा आहे. सकाळी सहाला फोन वाजला की बायको कूस बदलून म्हणते, “घ्या, तुमची अमेरिका.” पहिल्याच आठवड्यात आत्यांनी विचारलं, “जावईबापू, त्या उंचाड्याला ‘ऑप्शन’ केलं म्हणत्यात. म्हंजे?” मी म्हणालो, ऑप्शन म्हणजे पर्याय. “पर्याय केलं? माणसाला?” मी शब्दकोश काढला, दोन तास खर्ची घातले, तेव्हा कळलं की त्याला मोठ्या संघातून पुन्हा खालच्या गावी पाठवलं आहे. आत्या म्हणाल्या, “तुम्ही चोवीस वर्षं काय शिकवलंत?” हा प्रश्न मला अजून अधूनमधून आठवतो.

हळूहळू मीही त्यात ओढला गेलो, हे कबूल केलं पाहिजे. आत्यांचं मत असं, की तयार खेळाडू ओळखायला काही अक्कल लागत नाही. तो आंधळ्यालाही दिसतो. रोपात ओळखता आलं पाहिजे. तिकडे दर जुलैत नवी पोरं निवडतात, आणि आदल्या वर्षी जे संघ फार हरले त्यांना निवडीत पुढचा नंबर मिळतो, ही रीत त्यांना इतकी आवडली की त्यांनी ती गावातल्या बायकांना बोलावून सांगितली. “हरला त्याला आधी वाढायचं! आपल्याकडं जिंकला त्याच्याच ताटात दुसरा लाडू.” त्यांचा संघ बहुतेक हरतच असे, त्यामुळे निवडीच्या वेळी आत्यांची चैन असायची. मी पोरांची माहिती वाचून दाखवायचो, त्या डोळे मिटून ऐकायच्या. किती जोरात फेकतो, किती लांब मारतो यात त्यांना रस नसे. “घरी कोण हाय?” “भावंडं किती?” “हरल्यावर कुठं बघतो?” असलं विचारायच्या. आता हे कुठल्या संकेतस्थळावर असतं? पण मी कुठे मुलाखत मिळाली तर शोधून ठेवू लागलो.

एप्रिलात तिकडचा मोसम सुरू होतो आणि नेमकी त्याच वेळी इकडे खरड छाटणी असते. वेल पार खरडून काढायची, नुसत्या नव्या काड्या वाढवायच्या. “एप्रिलच्या छाटणीला फळ मागायचं नसतं,” आत्या मला बोट दाखवून सांगत, जणू संघ मीच चालवतो. “काडी तयार होऊ द्यायची. फळ ऑक्टोबरच्या छाटणीला. ह्या चष्मेवाल्याला बारा महिने घड पायजेत.”

डावखुरा मात्र नीट वर चढत होता. एका गावातून दुसऱ्या, त्याहून मोठ्या गावात; दर वर्षी एक पायरी. आणि तिसऱ्या वर्षी, आता मोठ्या संघात जाणार असं सगळे म्हणत असताना, त्याचं कोपर गेलं. एक चेंडू फेकला आणि हात पोटाशी धरून तो खालीच बसला. आत्यांनी हे टाकीपाशी बसून पाहिलं. त्या दिवशी मला फोन आला नाही, तेव्हाच मला शंका आली. संध्याकाळी मी गेलो तर त्या भाजी निवडत बसल्या होत्या. मी बातमी शोधून वाचून दाखवली: कोपरातली शीर तुटली आहे, मनगटातली शीर काढून तिथे बसवणार, निदान दीड वर्ष खेळता येणार नाही, आणि पुन्हा पहिल्यासारखं फेकता येईल याची खात्री कोणी देत नाही.

आत्यांचा हात थांबला. “एका जागची काढून दुसऱ्या जागी बांधली?”

“हो.”

“अहो, मग हे कलम झालं की!” त्यांचा चेहराच उजळला. “कलम नीट बांधलं तर वाया जातंय व्हय? दीड वर्ष हात लावू नका म्हणावं. माझी खालची सगळी बाग कलमाची हाय.”

त्या दीड वर्षात गावात एक निराळीच हवा पसरली. आत्या कृषी सेवा केंद्रात औषध आणायला जायच्या आणि तिथे डावखुऱ्याच्या कोपराबद्दल बोलायच्या. दुकानदाराला वाटलं, नात्यातलं कोणी असेल. त्याने चार जणांना सांगितलं. लोक विचारपूस करायला येऊ लागले. कोणी शहाळी आणली. देवळ्याकडून आलेल्या एका पाहुण्याने तर मला बाजूला घेऊन अहिराणीत समजावलं, “ऑपरेशनना नादले लागू नका भाऊ. आमना गावले हाडवैद शे, भलता गुणी. पोऱ्याले लई या.” मी म्हणालो, पोरगा जरा लांब असतो. “मंग गाडी करीसन आना,” तो म्हणाला. आत्यांनी यातल्या कोणाचाही गैरसमज दूर केला नाही. उलट मला म्हणाल्या, “इचारत्यात तर इचारू द्या. तिकडं त्याला कोण इचारतंय आता?”

ते खरं होतं. त्याचं नाव याद्यांतून खाली खाली घसरत गेलं आणि मग दिसेनासंच झालं. आत्या मात्र महिन्याला एकदा विचारायच्या, “कलमाचं काय?” आणि मी शोधून सांगायचो, की आता हलके चेंडू फेकतोय, आता थोडे जोरात.

मग गेल्या वर्षीचा जुलै आला, आणि घरात भांडण झालं.

झालं असं, की मनीच्या गावाजवळच्या मोठ्या शहराचा तो संघ, जो आम्ही कायम हरताना पाहिला होता, तो अचानक जिंकायला लागला. पुढे जाण्याची खरीच आशा दिसू लागली आणि चष्मेवाल्याने एक छत्तीस वर्षांचा नावाजलेला फटकेबाज दुसऱ्या संघाकडून आणला. बदल्यात डावखुरा देऊन टाकला, वर ‘ज्याचं नाव नंतर कळवण्यात येईल असा आणखी एक खेळाडू’ देण्याचं कबूल केलं. हे शेवटचं वाक्य मी आत्यांना तीनदा वाचून दाखवलं. “म्हंजे सोयरीक आधी ठरली आन् पोरगी कोणती ते मागनं बघणार?” त्यांनी विचारलं. मी हसलो. त्या हसल्या नाहीत. छत्तीस वर्षांच्या माणसाचं नाव त्यांनी त्या क्षणी ‘रिटायर मास्तर’ ठेवलं, आणि मी स्वतः नुकताच निवृत्त झालो होतो हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

मी तिथे असतानाच मनीचा फोन आला आणि आत्यांनी तो स्पीकरवर टाकला. मनी एव्हाना मोठी चाहती झाली होती. आईशी रोज बोलायला तोच एक विषय दोघींना पुरत असे. ती आनंदात होती.

“आई, बघितलंस? आता बघ कसे जिंकतो आपण.”

“रोप उपटून खोड आणलं तुमच्या चष्मेवाल्यानं.”

“अगं, तो पोरगा बरा होईल की नाही तेच माहीत नाही. हा म्हातारा असला तरी आत्ता उपयोगाचा आहे. आत्ता!”

“तुला आत्ताचंच कळतं, मने.”

मनी म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला होता, “हो. मला आत्ताचंच कळतं. आत्ता तू तिथे एकटी आहेस, गुडघे धरून टाकीवर चढून बसतेस, एवढंच मला कळतं. चार वर्षं झाली तुला इकडे ये म्हणतेय. ते तुला कळत नाही.”

आत्यांनी फोन ठेवून दिला. बाहेर पाऊस पडत होता आणि त्या बराच वेळ तो बघत बसल्या. मग मला म्हणाल्या, “चहा ठेवते,” आणि विसरल्या.

त्यानंतर मायलेकींचं बोलणं बंद. म्हणजे अगदीच बंद नव्हतं, ते माझ्यामार्फत चालत होतं. “तिला सांगा, नातवाचा फोटो पाठीव.” “आईला सांगा, गुडघ्याच्या गोळ्या घे.” मी नाशिक रोडला बसून दोघींची टपाल कचेरी चालवत होतो. आत्या सकाळी टाकीशी बसत, पण जुना संघ लावत नसत. डावखुऱ्याच्या नव्या संघाचं खालचं कुठलंसं गाव शोधून काढलं होतं, ते लावत. रिटायर मास्तर तिकडे रोज फटके मारतोय हे मी त्यांच्या कानावर घालायचं टाळलं. त्यांना ते माहीत होतंच.

सप्टेंबरात मोठ्या संघांना दोन-चार जादा खेळाडू वर बोलावता येतात. डावखुऱ्याला बोलावलं. मी बातमी वाचली आणि ताबडतोब बस धरून दिंडोरीला गेलो. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. आत्यांनी ऐकलं, देवापुढे साखर ठेवली आणि विचारलं, “पहिला खेळ कोणासंगं?” मी सांगितलं. मनीच्या गावाजवळच्या त्याच शहरात, तिच्याच संघाविरुद्ध.

त्या सकाळी बागेत गोडी छाटणी, म्हणजे ती ऑक्टोबरची फळाची छाटणी, जरा लवकरच सुरू झाली होती. पेठकडून आलेली माणसं छाटत होती, मागून बायका छाटलेल्या काड्यांचे डोळे लवकर फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लावत होत्या. मी आदल्या दिवशीपासून मुक्कामाला होतो. आत्या टाकीशी बसल्या होत्या आणि सामना जवळजवळ संपत आला तरी डावखुऱ्याचा पत्ता नव्हता. तेवढ्यात फोन वाजला. मनीचा. व्हिडिओ.

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे बघितलं. त्यांनी फोन उचलला.

मनी मैदानातच होती. दीड तास गाडी चालवून गेली होती. ती एवढंच म्हणाली, “आई, बघ,” आणि फोन फिरवला. कुंपणापलीकडे, अगदी वीस पावलांवर, डावखुरा हात मोकळा करत होता. भरला होता आता अंगाने. दाढी आली होती. आत्या एकदम पुढे वाकल्या. “कोपर बघा, कोपर,” त्या मला म्हणाल्या. “कानाच्या वर जातंय का?” जात होतं.

“आई, टोपी मी आपल्याच टीमची घातलीय हां,” मनीचा आवाज आला. “पण टाळ्या त्यालाच वाजवणार.”

“वाजव,” आत्या म्हणाल्या. दोन महिन्यांत लेकीशी बोललेला हा पहिला शब्द.

छाटणी थांबली. माणसं, बायका सगळी टाकीभोवती गोळा झाली. डावखुरा मध्यभागी येऊन उभा राहिला आणि समोर बॅट घेऊन कोण आलं, तर रिटायर मास्तर. पहिला चेंडू गेला, दुसरा गेला, आणि तिसरा मास्तरांनी असा भिरकावला की तो पार प्रेक्षकांत जाऊन पडला. सगळं मैदान उठून ओरडलं. मनीचा फोन आभाळ दाखवू लागला. ती स्वतःच उड्या मारत होती. मग एकदम भानावर येऊन तिने फोन तोंडासमोर धरला. “सॉरी आई! सॉरी, सॉरी.”

मी आत्यांकडे बघायचं धाडस केलं नाही. पण आवाज आला तो अगदी शांत.

“पडू दे. नव्या वेलीचा पहिला घड आपणच काढून टाकतो. मग जोर धरते ती.”

आणि त्याने धरला. पुढचे तिघं त्याने एकामागून एक बाद केले. शेवटच्याला तर बॅट हलवायलाही वेळ मिळाला नाही. हात झटकत, खाली न बघता तो चालत गेला. पुढे त्याच्या संघाला मास्तरांचा तो फटका काही फेडता आला नाही आणि सामना संपला. आत्या हे सगळं पुटपुटत बघत होत्या. काय पुटपुटत होत्या ते मला ऐकू आलं नाही. पेस्टचा हातमोजा घातलेली एक बाई म्हणाली, “आते, जिंकलं कोण?”

“पोरगं आमचं हरलं, टीम आमची जिंकली,” आत्या डोळे पुसत म्हणाल्या. “चला, कात्र्या चालू द्या.”

दुसऱ्या दिवशी मनीने मला वेगळा फोन केला. सामन्याआधी ती कुंपणाशी जाऊन डावखुऱ्याला म्हणाली होती, की माझी आई भारतात असते, तुला लाडू द्यायची, आठवतंय का? तो सभ्यपणे हसला होता. त्याला काही आठवत नव्हतं, हे स्पष्ट दिसलं. “आईला सांगू नका,” मनी म्हणाली. मी चार दिवस दडवून ठेवलं आणि पाचव्या दिवशी सांगून टाकलं. आत्यांना काहीच वाटलं नाही. “त्यानं कशाला ध्यानात ठेवायचं? त्याला बॉल टाकायचाय. ध्यानात ठेवायचं काम माझं.”

यंदा जानेवारीत मनी मुलाला घेऊन तीन आठवडे आली. इकडे ये, तिकडे ये हा विषय कोणी काढला नाही. मनी रोज सकाळी आईबरोबर बागेत जायची. आम्ही नवराबायको रविवारी गेलो, तेव्हा दोघी मण्यांत गोडी किती भरली ते बघत ओळीतून फिरत होत्या आणि वाद घालत होत्या. मनीच्या संघाने कुठल्याशा बेटावरचा एक नवा पोरगा घेतला होता, त्यावरून. मनीचं म्हणणं, फार लहान आहे. आत्यांनी त्याची चित्रफीत माझ्या डोळ्यांसमोर धरली. एक हडकुळा मुलगा, अंगापेक्षा सदरा मोठा, चेंडू पकडून फेकत होता, सुटला की हसत होता.

“सोळाचा हाय,” आत्या म्हणाल्या. “घाई करायची नाय. खालच्या गावात नीट वाढू द्यायचा. वर यायला सहा-सात वर्षं धरा.”

मी मनातल्या मनात एकाहत्तरात सात मिळवले. मनीकडे पाहिलं तर तीही बहुधा तेच करत होती. आमची नजरानजर झाली आणि दोघांनीही पानांकडे बघितलं.

आत्यांनी एक मणी तोडला, तोंडात टाकला, थोडा वेळ घोळवला. “आठ दिवस थांबू,” त्या म्हणाल्या, मनीच्या खांद्यावर हात टेकून वाकल्या आणि पुढच्या ओळीत शिरल्या.